चर्चच्या रात्रनिवाऱ्याला मंडळाने पैसे द्यावेत का?

थेम्सकाठी
शनिवार, १ नोव्हेंबर २०२५

नमस्कार. जरा सविस्तर लिहितोय, चहा घेऊन बसा.

आमचं गाव लंडनच्या पश्चिमेला, गाडीने अर्ध्या तासावर. इथली सात चर्चं मिळून डिसेंबर ते मार्च बेघरांसाठी रात्रनिवारा चालवतात. सोमवारी बॅप्टिस्ट, मंगळवारी मेथडिस्ट, बुधवारी अँग्लिकन, गुरुवारी कॅथलिक, असा आठवडाभर मुक्काम हलतो. घडीच्या खाटा, पांघरुणं आणि चहाचं एक भलंमोठं पिंप व्हॅनमध्ये घालायचं आणि या हॉलमधून त्या हॉलमध्ये न्यायचं. दिंडीचा ट्रक असतो ना, तसंच. सातला दार उघडतं, आठला जेवण, साडेदहाला दिवे बंद. सहाला उठवायचं आणि आठच्या आत हॉल रिकामा, कारण नऊला तिथे बालवाडी भरते. जागा बारा. कोविडमध्ये सरकारने रस्त्यावरच्या लोकांना हॉटेलांत ठेवलं तेव्हा हे सगळं बंद होतं. नंतर बऱ्याच गावांनी हॉल सोडून एकेकाला वेगळी खोली द्यायची पद्धत धरली. आमच्याकडे अजून हॉलच आहे, फक्त खाटांच्या मध्ये पडदे आले.

मी तीन हिवाळे बुधवारची रात्रपाळी करतोय. गेल्या वर्षीपासून आमच्या मराठी मंडळातली चार घरं बुधवारचं जेवण बनवतात. यंदा निवाऱ्याची अडचण झालीय. रात्री जागायला दोन पगारी माणसं असतात, त्यातल्या एकाचा पगार ज्या देणगीतून निघायचा ती थांबली. म्हणून त्यांनी गावात हाक दिली. मंडळाकडे गणपतीचे ११४० पौंड शिल्लक आहेत. मी म्हटलं, देऊ या.

झालं! कार्यकारिणीच्या बैठकीत दीड तास तेच. एका ज्येष्ठ काकांचं म्हणणं, आरतीच्या ताटात पडलेले पैसे चर्चला कसे द्यायचे? दुसरे म्हणाले, द्यायचेच तर भारतात द्या, इथल्या सरकारला पोसायची जबाबदारी आपली नाही. खजिनदारबाई म्हणाल्या, हे नियमात बसतं का ते आधी बघा. आणि एकाने शेवटी विचारलं ते बहुतेक सगळ्यांच्याच मनात होतं: तिथे प्रार्थनेला बसवतात का?

पुढची बैठक १६ तारखेला आहे. कुणी असं काही केलंय का? अनुभव सांगा.

—

टवाळ_पोर
शनिवार, १ नोव्हेंबर

आरतीच्या ताटात मी गेल्या वर्षी चुकून जकार्ताचं नाणं टाकलं होतं. तेही चर्चला द्या.

बाकी काकांना विचारा, बाप्पाला एकवीस मोदक लागतात, ११४० पौंड कशाला लागतील?

—

रोखठोक
शनिवार, १ नोव्हेंबर

थट्टा पुरे. काकांचा मुद्दा टाकाऊ नाही.

अन्नछत्र आणि धर्मप्रसार यांची सांगड नवी नाही. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदासदन काढलं तेव्हा धर्माच्या बाबतीत तटस्थ राहायचं ठरलं होतं. सल्लागार मंडळात रानडे, भांडारकर अशी माणसं. १८९३ मध्ये मुली बाईंच्या प्रार्थनेला बसू लागल्या म्हणून हीच मंडळी बाहेर पडली. रानडे-भांडारकर काही सनातनी नव्हते, प्रार्थना समाजातले होते. त्यांनाही ते खटकलं. उपाशी माणसाच्या 'हो'ला कितपत 'हो' म्हणायचं, एवढाच माझा प्रश्न आहे. निवाऱ्याला विरोध नाही.

—

थेम्सकाठी
रविवार, २ नोव्हेंबर

रोखठोक, प्रश्न रास्त आहे. जे पाहिलंय तेवढं सांगतो.

जेवायच्या आधी पाळकबाई उभ्या राहून दोन ओळींची प्रार्थना म्हणतात. तेवढ्या वेळात निम्मे लोक ताटाकडे बघत असतात, एक-दोघे बाहेर सिगरेट ओढत असतात. कुणी कुणाला बोलवत नाही. हॉलच्या कोपऱ्यात बायबलच्या प्रती आहेत. शेजारी जुन्या रहस्यकथा आहेत, त्या जास्त हाताळलेल्या दिसतात. रविवारच्या उपासनेला या म्हणून मी तरी कुणाला सांगताना ऐकलं नाही. येणारे येतात. एकजण येतो तो हीटरसाठी, हे तो स्वतःच सगळ्यांना सांगतो.

पण खरी गोष्ट वेगळीच आहे आणि ती मला स्वतःला तिसऱ्या वर्षी कळली. इथे बेघरांसाठी कायदा आहे, १९७७ पासून. पण नगरपालिकेवर घर द्यायची पक्की जबाबदारी येते ती मुलंबाळं असलेल्यांची, गरोदर बाईची, आजारी-अपंगांची. एकटा धडधाकट पुरुष त्या अग्रक्रमात बसत नाही. आणि ज्याच्या व्हिसावर 'सरकारी मदतीचा हक्क नाही' असा शिक्का आहे किंवा व्हिसाच संपलाय, त्याला सरकारी घरभाड्याच्या पैशावर चालणारी वसतिगृहंही बहुधा घेऊ शकत नाहीत. कारण त्याच्या नावाने भाडंच येत नाही. त्याला दार उघडतं ते फक्त देणगीवर चाललेल्या ठिकाणी. म्हणजे चर्च, गुरुद्वारा, असं.

आमच्याकडे गेल्या वर्षी एक पंजाबी बाबाजी होते. साठीच्या पुढचे, वीसेक वर्षं इथे बांधकामावर काम केलेले. कागद कधीच नव्हते. गुडघा गेला, काम गेलं, मग खोली गेली. पहिल्या बुधवारी मी त्यांना वरणभात वाढला. त्यांनी एक घास खाल्ला, माझ्याकडे नीट निरखून पाहिलं आणि म्हणाले, "दाल में नमक कम है, बेटा." निवाऱ्यात आल्यापासून त्यांनी आपणहून कुणाशी बोललेलं ते पहिलंच वाक्य, असं नंतर समन्वयकबाईंनी सांगितलं.

ते रात्री बूट घालूनच झोपायचे. रस्त्यावर बूट चोरीला जातात, ती सवय. फेब्रुवारीत एकदा खाटेखाली बूट शेजारी शेजारी ठेवलेले दिसले. मी रात्रपाळीच्या वहीत तेवढंच लिहिलं.

—

नगरची_लेक
रविवार, २ नोव्हेंबर

मी नगरची. (अहिल्यानगर म्हणायचं आता, पण तोंडात नगरच येतं.) आजोबा पाळक होते. त्यामुळे 'ख्रिश्चन संस्थेला द्यावं का' हे वाचताना जरा गंमत वाटते आणि जरा टोचतंही. आमच्या घरी गणपतीच्या वर्गणीची पावती दरवर्षी फाटायची. आजोबांनी कधी कार्यकारिणीची बैठक बोलावली नाही.

असो. रोखठोक, १८९३ तुम्ही सांगितलंत, त्याच्या मागचं-पुढचंही सांगू द्या. शारदासदनाला पैसे कुठून आले? रमाबाई १८८६ मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी अमेरिकेला गेल्या आणि गावोगाव व्याख्यानं देत फिरल्या. १८८७ च्या डिसेंबरात बोस्टनला रमाबाई असोसिएशन निघाली, दहा वर्षं मदत करायचं वचन देऊन. दहा वर्षं! आपल्याकडे एका सणाचा उत्साह आठ दिवस टिकतो. आणि १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून त्यांनी मुली आणल्या, पुण्याजवळच्या केडगावला त्यांच्यासाठी जागा केली, तेव्हा त्या मुलींना घ्यायला दारात दुसरं कोण उभं होतं? प्रार्थनेचा प्रश्न खराच आहे. पण तो भरल्या पोटी विचारायचा प्रश्न आहे.

आणि निवाऱ्याचा विषय निघालाच आहे तर आमच्या मुक्तिफौजेचं नाव कुणी कसं घेतलं नाही? मुक्तिफौज म्हणजे साल्व्हेशन आर्मी, गोरगरिबांत काम करणारी ख्रिश्चन संस्था, तुमच्या लंडनचीच. विल्यम आणि कॅथरिन बूथ, ईस्ट एंड, १८६५. त्यांचे लोक १८८२ मध्ये मुंबईत उतरले, रस्त्यावर वाजतगाजत मिरवणूक काढली म्हणून पोलिसांनी धरलंही. त्यांचा पुढारी टकर भगवे कपडे घालून अनवाणी हिंडायचा, फकीरसिंग नाव घेतलं होतं. नगरचा इव्हँजेलिन बूथ दवाखाना त्यांचाच. माझा जन्म तिथला. आमच्याकडे कोणी त्याला इव्हँजेलिन वगैरे म्हणत नाही, मुक्तिफौजेचा दवाखाना म्हणतात, सगळ्या जातीधर्माचे.

—

टवाळ_पोर
रविवार, २ नोव्हेंबर

'भरल्या पोटी विचारायचा प्रश्न' हे आवडलं. मी आत्ताच जेवलोय, त्यामुळे मला विचारायचा हक्क आहे.

—

जर्सीकर
सोमवार, ३ नोव्हेंबर

अमेरिकेतून थोडं उलट बाजूचं.

इकडे गॉस्पेल मिशनांची, म्हणजे धर्मप्रचाराबरोबर बेघरांना जेवण-आसरा देणाऱ्या संस्थांची, मोठी परंपरा आहे. शिकागोचं पॅसिफिक गार्डन मिशन १८७७ चं, न्यूयॉर्कचं बॉवरी मिशन १८७९ चं. हजारो लोकांना आसरा मिळालाय त्यातून, वाद नाही. पण मी ज्या एका ठिकाणी (नाव नको) बरीच वर्षं भाजी चिरायला जायचो, तिथे आधी चॅपलमध्ये तासभर बसायचं, मग जेवणाच्या रांगेत उभं राहायचं, असा शिरस्ता होता. थंडीत बाहेर उभी असलेली माणसं आत येऊन प्रवचनात डुलक्या घ्यायची. मला ते बघवेना. सरकारी पैसा घेणाऱ्या संस्थेला इथे असं करता येत नाही, खाजगी पैशावर चालणारीला येतं. म्हणून मी नंतर जागा बदलली. तीही चर्चचीच, पण तिथे ही अट नव्हती.

तेव्हा मंडळाने एकच विचारावं: प्रार्थनेला न बसता जेवण आणि खाट मिळते का? उत्तर 'हो' असेल तर दार कुणाचं आहे यावर वेळ घालवू नये. तुमच्या वर्णनावरून उत्तर 'हो' आहे.

जाता जाता: नाताळात दुकानांबाहेर घंटा वाजवत, देणगी गोळा करायला लाल किटली घेऊन उभे असतात, ती पद्धत मुक्तिफौजेच्याच एका माणसाने १८९१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत सुरू केली, गरिबांच्या नाताळच्या जेवणासाठी.

—

हिशेबनीस
सोमवार, ३ नोव्हेंबर

खजिनदारबाईंचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आणि त्यालाच कुणी उत्तर दिलं नाही, हे नेहमीचं.

पहिलं. तुमचं मंडळ नोंदणीकृत धर्मादाय संस्था असेल तर घटनेतली उद्दिष्टं काढून वाचा. 'मराठी भाषा व संस्कृतीचे संवर्धन' एवढंच लिहिलं असेल तर ११४० पौंड उचलून निवाऱ्याला देता येणार नाहीत, देव कुठलाही असो. 'स्थानिक समाजाला साहाय्य' अशा अर्थाचं कलम असेल तर ठीक. काकांचा आक्षेप धर्माचा होता, पण खरी अडचण इथे निघू शकते.

दुसरं, गिफ्ट एड. इथे कर भरणाऱ्या व्यक्तीने देणगी दिली आणि तसं लिहून दिलं, तर प्रत्येक पौंडामागे सरकार संस्थेला २५ पेन्स देतं. पण हे व्यक्तीच्या देणगीवर. मंडळाने एकगठ्ठा धनादेश दिला तर शून्य. हेच ११४० पौंड लोकांनी आपापल्या नावाने थेट निवाऱ्याला दिले असते तर १४२५ झाले असते. २८५ पौंड हवेत गेले.

तिसरं. दिवाळीच्या कार्यक्रमाचं तिकीट ही देणगी नव्हे, त्यावर गिफ्ट एड नाही. लकी ड्रॉवरही नाही. एका मंडळाने (आमच्याच) भाबडेपणाने सगळ्या तिकिटांवर फॉर्म भरून घेतले होते. सगळे परत काढावे लागले. दोन शनिवार गेले माझे. तेव्हा तिकीट वेगळं ठेवा आणि दाराशी देणगीचा डबा वेगळा ठेवा. ३० पौंडांपर्यंतच्या सुट्या देणग्यांवर फॉर्मशिवायही २५ टक्के मिळवायची एक योजना आहे, वर्षाला ८००० पौंडांच्या मर्यादेत. ती निवाऱ्याच्या हिशेबनीसाला विचारा, त्याला माहीत असेल.

चौथं. निवाऱ्याचे हिशेब चॅरिटी कमिशनच्या (धर्मादाय संस्थांवर देखरेख ठेवणारं इथलं सरकारी खातं) नोंदवहीत बघून या. ते सगळ्यांना खुले असतात. पगारावर किती, जागेवर किती, गंगाजळी किती, सगळं दिसतं. प्रार्थनेपेक्षा हे आधी तपासावं, असं माझं प्रांजळ मत.

—

पेठेतला
मंगळवार, ४ नोव्हेंबर

'भारतात द्या' म्हणणाऱ्या दुसऱ्या काकांच्या बाजूने कुणीच बोलत नाहीये, म्हणून मी.

२०११ च्या जनगणनेत देशात १७ लाखांवर बेघर मोजले गेले, त्यातले दोन लाखांवर आपल्या महाराष्ट्रात. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांनंतर केंद्राने २०१३ मध्ये योजना आखली: शहरात दर एक लाख लोकसंख्येमागे शंभर माणसांचा, चोवीस तास उघडा, कायमचा निवारा. माणशी पन्नास चौरस फूट जागा. हे कागदावर. पुलाखाली माणशी किती चौरस फूट मिळते ते रात्री अकरानंतर फिरून या म्हणजे कळेल. आमच्या इथल्या रात्रनिवाऱ्यात मी जातो. महापालिकेची इमारत, चालवायला संस्था, आणि पैसे वेळेवर आले तर दिवाळी. सिस्टर मंडळींच्या (ख्रिश्चन नन) घरातही जातो, त्या कुणाकडे पैसे मागायला जात नाहीत. तिथल्या सिस्टर फक्त एवढंच विचारतात, अंगाला लावायचं तेल आणलं का.

इंग्लंडकडे पैसा आहे. तुमचे ११४० पौंड म्हणजे इथे सव्वा लाखाच्या वर रुपये. तेवढ्यात किती होईल याचा हिशेब करा.

—

हिशेबनीस
मंगळवार, ४ नोव्हेंबर

पेठेतला, मनापासून पटलं. पण पाठवायचं कसं ते सांगतो.

भारतीय पासपोर्ट असलेल्या माणसाने परदेशातल्या आपल्या कमाईतून नेहमीच्या बँकमार्गाने पाठवलेले पैसे परकीय देणगी धरत नाहीत. तो आज घरबसल्या पाठवू शकतो. पण ब्रिटिश पासपोर्ट घेतला की ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाला मिळतं ते) असलं तरी तुम्ही परकीय. मग समोरच्या संस्थेकडे एफसीआरएची, म्हणजे परकीय देणग्यांच्या भारतीय कायद्याखालची, परवानगी हवी, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर ते पैसे दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच उतरायला हवेत. मंडळ तर ब्रिटनमधली संस्था, म्हणजे मंडळाचे पैसे परकीयच. ज्या लहान संस्थेला खरी गरज आहे तिच्याकडे ही परवानगी असेलच असं नाही. वर गिफ्ट एड भारतीय ट्रस्टला लागू नाही.

म्हणून मंडळाने इथे द्यावं आणि भारतीय पासपोर्टवाल्यांनी वैयक्तिक तिकडे द्यावं. दोन्ही काका खूश.

—

रोखठोक
मंगळवार, ४ नोव्हेंबर

आकडे आलेच आहेत तर इंग्लंडचेही येऊ द्या. शरदातल्या एका रात्री उघड्यावर झोपलेली माणसं मोजतात तिथे. २०१० मध्ये १७६८, २०२४ मध्ये ४६६७. पावणेसहा कोटींच्या देशात हा आकडा आपल्याला चिमूटभर वाटेल. पण श्रीमंत देशात चौदा वर्षांत अडीच पटींवर जातो, म्हणजे पैसा असणं आणि तो पोचणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पेठेतला यांच्या शेवटच्या वाक्याला एवढंच उत्तर.

माझा आक्षेप अजून पूर्ण गेलेला नाही. मंडळाने देणगी हेतू लिहून द्यावी: रात्रपाळीचा पगार आणि धुलाई. चर्चच्या छपरासाठी नाही. तसं लिहून दिलं तर ते पैसे वेगळे ठेवणं त्यांना बंधनकारक आहे ना, हिशेबनीस?

—

हिशेबनीस
मंगळवार, ४ नोव्हेंबर

आहे. पण अतिरेक करू नका. प्रत्येकजण 'माझे पैसे फक्त ब्लँकेटला' म्हणतो आणि मग गोदामात ब्लँकेटं आणि विजेचं बिल थकलेलं, असं होतं.

—

फोडणीवाली
बुधवार, ५ नोव्हेंबर

थेम्सकाठी यांच्या घरातूनच लिहितेय, म्हणजे बुधवारचा स्वयंपाक खरं कोण करतं ते कळलं असेल.

पैशांचं पुरुषमंडळी बघतील. मला जेवणाचं सांगायचंय, कारण 'आम्हीही एक दिवस जेवण देतो' म्हणून उत्साहाने पुढे येणाऱ्या मंडळांना काय काय वाढून ठेवलंय ते कुणी सांगत नाही.

पहिल्या वर्षी मी समन्वयकबाईंना यादी दिली: मसालेभात, मटकीची उसळ, काकडीची कोशिंबीर, शिरा. त्यांनी घटकपदार्थ विचारले. इथे चौदा पदार्थांची ॲलर्जीची यादी असते, त्यातलं काही असेल तर लिहून लावावं लागतं. शेंगदाणे त्यात आहेत. तीळ आहेत. आणि मोहरी आहे. मोहरी! म्हणजे आपल्या प्रत्येक फोडणीवर चिठ्ठी. मी म्हटलं, बरं, हिंग तर चालेल? डबी उलटी करून वाचली तर त्यात गव्हाचं पीठ. ग्लूटेन. तासाभराने माझ्या वहीत उरलं ते जिरं आणि हळद. कोशिंबिरीतलं दाण्याचं कूट तर मी आपणहूनच खोडलं. त्या बाईंचा चेहरा बघून मला त्यांचीच काळजी वाटायला लागली होती. संक्रांतीला तिळगूळ नेला होता तो आम्ही वाढप्यांनीच संपवला.

दुसरं कुणी सांगत नाही ते म्हणजे दात. रस्त्यावर राहणाऱ्यांचे दात गेलेले असतात किंवा दुखत असतात. कडक चपाती, अर्धी कच्ची मटकी, शेव, काही चालत नाही. मऊ वरणभात, बटाट्याचा रस्सा, सुटं केलेलं चिकन, दुधीचा हलवा. वरणाला तिथे 'ते पिवळं' म्हणतात. बुधवारी पिवळं असतं हे गावभर झालंय, मंगळवारवाल्या मेथडिस्ट आजींनी माझ्याकडून कृती लिहून नेली. मोहरीसकट, आणि चिठ्ठीसकट.

आणि हॉलमध्ये कुकर लावू नका. मी लावला होता एकदा. पहिली शिट्टी झाली आणि डुलक्या घेत बसलेले चारजण ताडकन उभे राहिले, एकजण दाराबाहेर. माझ्या पोटात कालवलं. तेव्हापासून डाळ घरून शिजवून नेते.

कपड्यांचंही सांगते. कृपा करून लग्नातले सूट आणू नका. वापरलेल्या टॉवेलांचा ढीग नको. हवेत ते नवे पायमोजे, पुरुषांच्या नव्या अंडरपँटी, नऊ-दहा नंबरचे धड बूट, पाठीवरच्या पिशव्या आणि फोन चार्ज करायचे पॉवरबँक. पायमोजे कितीही. ओले मोजे बदलले नाहीत तर पाय सडतो, मी पाहिलाय.

—

नगरची_लेक
बुधवार, ५ नोव्हेंबर

फोडणीवाली ताई, हिंगाच्या डबीवर पोटभर हसले आणि कुकरपाशी थांबले.

आमच्या चर्चमध्ये दशांश देतात, उत्पन्नाचा दहावा भाग. सगळे देतात असं नाही, पण आई पेन्शनीतून काढून ठेवते. तिला विचारलं तर म्हणते, जास्त देणाऱ्यापेक्षा महिन्याच्या महिन्याला देणारा बरा, त्याच्या भरवशावर पाळकाला किराणा भरता येतो. निवाऱ्यालाही तेच लागत असणार.

—

थेम्सकाठी
बुधवार, ५ नोव्हेंबर

अगदी तेच लागतं. नाताळात आमच्याकडे माणसं आवरत नाहीत. २३ डिसेंबरला बारा पाहुणे आणि एकोणीस वाढपी, असं झालंय. लंडनच्या सेंट मार्टिन-इन-द-फील्ड्सचं रेडिओवरचं नाताळचं आवाहन १९२७ पासून चालू आहे, लोक त्या दिवसांत सढळ हाताने देतात. पण फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात, पाऊस आणि बर्फाचा चिखल असतो तेव्हा, रात्रपाळीच्या तक्त्यात मोकळ्या चौकटी दिसायला लागतात. पैशाचंही तसंच. महिन्याला पाच पौंडांची स्टँडिंग ऑर्डर (बँकेतून दर महिन्याला आपोआप जाणारे पैसे) लावलेली वीस घरं मिळाली तर ते रात्रपाळीच्या माणसाला 'मार्चपर्यंत ये' असं ठामपणे सांगू शकतील. पैसा फंड आपल्याच अंताजीपंत काळ्यांनी चालवला ना, माणशी एक पैसा, आणि त्यातून १९०८ मध्ये तळेगावला काचेचा कारखाना उभा राहिला. काकांना हे सांगणार आहे. काका तळेगावचे आहेत.

—

टवाळ_पोर
बुधवार, ५ नोव्हेंबर

काका तळेगावचे निघाले, म्हणजे ठराव मंजूर.

—

थेम्सकाठी
सोमवार, २४ नोव्हेंबर

उशीर झाला, पण सांगतो काय झालं ते.

हिशेबनीसांनी सांगितलं तसंच निघालं. घटनेत 'स्थानिक समाजाला साहाय्य' नाही. गणपतीचे ११४० तिथेच राहिले, पुढच्या गणपतीला. ठराव न होताच विषय संपला, काकांना न बोलता जिंकल्यासारखं वाटलं असावं.

मग आम्ही मंडळ बाजूला ठेवून ज्याच्या त्याच्या नावाने गोळा करायचं ठरवलं. निवाऱ्याची शनिवारी 'स्लीप आउट' होती, म्हणजे एक रात्र चर्चच्या अंगणात उघड्यावर झोपायचं आणि ओळखीच्यांनी त्यावर पैसे लावायचे. मंडळातले सहाजण झोपलो. खोटं कशाला बोलू, मला ते जरा नाटकी वाटत होतं. घरी गरम अंथरूण असताना एक रात्र पुठ्ठ्यावर झोपून काय कळणार? आणि तसं फार कळलंही नाही. एवढंच कळलं की थंडी वरून नाही, खालून येते. फरशी रात्रभर अंगातली ऊब ओढून घेते. मी अंगावर दोन पांघरुणं आणली होती आणि खाली एकच पुठ्ठा. शेजारी पूर्वी निवाऱ्यात राहिलेला एकजण होता, आता तोच स्वयंसेवक आहे. त्याने न विचारता माझ्या पायाखाली अजून दोन पुठ्ठे सरकवले, वर्तमानपत्रं चुरगाळून पँटच्या पायात भरायला लावली आणि झोपला. मी तीनला उठून गाडीत जाऊन बसलो. हे इथेच लिहितोय, ज्यांनी पैसे लावले त्यांनी वाचू नये.

सहाजणांचे मिळून १३६० पौंड, बहुतेकांनी गिफ्ट एडला टिचकी मारली आहे. स्टँडिंग ऑर्डर अकरा घरांच्या झाल्या, वीस नाही. पेठेतला, दोघांनी पुण्याला वैयक्तिक पाठवायचं कबूल केलंय, दोघेही भारतीय पासपोर्टवाले. तुम्ही जाता त्या सिस्टरांना तेल कुठलं लागतं ते कळवा.

आणि ताटातल्या पैशांवर अडलेले ते काका. त्यांचा काल फोन आला. पैशांबद्दल एक शब्द नाही. "बुधवारी पोळ्या लाटायला माणूस लागतो का?" मी म्हटलं, काका, पोळ्या चालत नाहीत, लोकांना चाववत नाहीत. थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "भाकरी नको, पोळी नको. मग मऊ खिचडी करतो, पण फोडणी माझ्या हाताची." फोडणीवालीने त्यांना मोहरीची चिठ्ठी कशी लिहायची ते पाठवलंय.

बुधवार, ४ फेब्रुवारी त्यांच्या नावाने लावलाय. ११ आणि १८ अजून मोकळे आहेत. जवळपास कुणी असाल तर व्यक्तिगत निरोप करा.